पनवेलकराचे चोवीस तास

पनवेलच्या माणसाला लोकलमध्ये एक सुख हमखास लाभतं: सकाळी बसायला जागा. हार्बरची गाडी इथूनच सुटते, त्यामुळे दहा मिनिटं आधी पोचलं की खिडकीही मिळते. सीएसएमटीपर्यंतचं सुमारे ४९ किलोमीटरचं अंतर आणि साधारण ८० मिनिटांचा वेळ तो बसून काढतो. मानखुर्दला आणि गोवंडीला चढणारे त्याच्याकडे हेव्याने बघतात. त्यांना दिसत नाही ते एवढंच, की ८० मिनिटं बसून आलेला हा माणूस पुढचे आठ-नऊ तास ऑफिसात बसणार आहे आणि संध्याकाळी जागा मिळालीच तर पुन्हा बसूनच परतणार आहे. रात्री घरी आल्यावर तो सोफ्यावर टेकतो आणि म्हणतो, ‘दिवसभर काही केलं नाही, तरी अंगात त्राण नाही.’

तक्रार खरी आहे आणि ती एकट्याची नाही. पनवेल हे जुनं गाव. इथली नगरपालिका १८५२ सालची. मे १९९२ मध्ये खाडीवरून मानखुर्द ते वाशी लोकल धावू लागली, १९९८ मध्ये ती पनवेलपर्यंत आली आणि बाजारपेठेच्या या गावाचा कामाचा पट्टा थेट मुंबईपर्यंत लांबला. १ ऑक्टोबर २०१६ रोजी खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल, तळोजा या वसाहती मिळून महानगरपालिका झाली. स्वस्तात मोठं घर आणि लांबची नोकरी, हा सौदा इथे हजारो कुटुंबांनी केला. ‘नुसता झोपायला घरी येतो’ असं अशा माणसाबद्दल म्हटलं जातं. गंमत अशी, की त्याला सगळ्यात जास्त कमी पडते ती झोपच.

चार तासांची ओढाताण

हिशेब मांडून बघू. लोकलची ८० मिनिटं, घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस मिळून ४० मिनिटं. म्हणजे एका बाजूचे दोन तास, दोन्ही बाजूंचे चार. ऑफिसचे जेवणाच्या सुट्टीसह नऊ. २४ मधून १३ गेले, उरले ११. त्यात सात तास झोप धरली तर हातात चार तास राहतात. आंघोळ, स्वयंपाक, जेवण, मुलांचा अभ्यास, आईवडिलांची औषधं, बिलं, बाजार, व्यायाम, मित्र, नातेवाईक आणि मोबाइल, सगळं या चार तासांत बसवायचं. बसत नाही. मग प्रत्येक जण कुठून तरी वेळ ओढतो. बॉस ओरडतो, मुलं रुसतात, गाडी थांबत नाही. ओरडत नाही, रुसत नाही, ती एकटी झोप. म्हणून पहिली कात्री तिलाच लागते.

‘जीवनात समतोल साधा’ हा सल्ला या हिशेबापुढे थिटा पडतो. काम, आरोग्य, कुटुंब आणि छंद यांचे चार सारखे वाटे करायला आपल्याकडे मुळात तेवढा वेळच नाही. पण शरीरही समान वाट्यांचा आग्रह धरत नाही. त्याचा हिशेब झीज आणि भरपाई असा असतो. ताण आला की अ‍ॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसोल वाढतात, हृदय जोरात चालतं, रक्तातली साखर चढते. थोडा वेळ हे उपकारकच असतं. गाडी सुटताना जिन्यावरून धावता येतं ते त्यामुळेच. बिघाड होतो तो ही यंत्रणा रोज चालू राहिली आणि मधे ती शांत व्हायला वाव मिळाला नाही तर. अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस मॅक्यूअन यांनी १९९३ मध्ये या साचत जाणाऱ्या झिजेला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ असं नाव दिलं. रक्तदाब, पोटावरची चरबी, चिडचिड, सतत होणारी सर्दी अशा वेगवेगळ्या रूपांत ती दिसते आणि आपण प्रत्येक तक्रारीवर वेगळी गोळी घेत राहतो.

म्हणून प्रश्न बदलून विचारला पाहिजे: रोजची झीज रोज भरून निघते का? आणि भरपाईची कोणती जागा आधी दुरुस्त केली तर बाकीच्या आपोआप सुधारतात?

आधी झोप

पनवेलला या प्रश्नाचा जुना शेजार आहे. १८७२ मध्ये वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे ‘श्री धूतपापेश्वर’ हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना सुरू केला. त्या वैद्यकाचा आधार असलेल्या चरकसंहितेत शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. निद्रेला आहाराच्या बरोबरीने स्थान आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपण जेवणाची वेळ चुकली तर हळहळतो, झोपेची चुकली तर अभिमानाने सांगतो.

आधुनिक प्रयोगांनीही झोपेचं हे स्थान पक्कं केलं आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांची एकाग्रता सबंध रात्रभर जागलेल्या माणसाइतकी, काही चाचण्यांत तर दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी घसरली होती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपण इतके मंदावलो आहोत हे त्यांना स्वतःला जाणवत नव्हतं. ‘मला सहा तास पुरतात’ असं छातीठोक सांगणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा. सहा तास खरोखर पुरणारी माणसं असतात, पण ती फार थोडी. बहुतेक प्रौढांना किमान सात तास लागतात.

अपुरी झोप बाकीचे खांबही हलवते. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन कमी होतं, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. संध्याकाळी प्लॅटफॉर्मवरच्या वडापावचा वास अंगावर येतो त्यात जिभेच्या लाडांपेक्षा आदल्या रात्रीच्या जागरणाचा वाटा मोठा असू शकतो. थकलेला माणूस चालायचं टाळून रिक्षा करतो, घरी मुलांवर खेकसतो आणि मग ‘थोडा वेळ स्वतःसाठी’ म्हणून रात्री बारापर्यंत मोबाइल बघतो. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा.

झोपेला दोन गोष्टी चालवतात. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. चहा-कॉफीतलं कॅफीन हीच खूण झाकतं आणि त्याचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. त्यामुळे संध्याकाळी सहानंतरचा कडक चहा रात्री अकरालाही अंमल गाजवत असतो. दुसरी गोष्ट शरीरातलं घड्याळ. ते पेशीपेशीत कसं चालतं हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज सकाळच्या उजेडाने लावलं जातं. आठवडाभर पाचला आणि रविवारी दहाला उठलं, की सोमवारी ते मागे पडलेलं असतं. सोमवारच्या आळसाला हेही एक कारण आहे.

यातून लोकलमधल्या पेंगेबद्दलही एक उपयोगी गोष्ट कळते. सकाळच्या गाडीत वीस मिनिटं डोळा लागला तर फायदाच. संध्याकाळी आठच्या गाडीत वाशीपासून खांदेश्वरपर्यंत घोरलं, तर साठलेली झोपेची ओढ तिथेच खर्च होते आणि घरी अंथरुणावर पडल्यावर डोळे टक्क उघडे राहतात. तेव्हा परतीच्या गाडीत बोलावं, वाचावं, गाणी ऐकावीत. झोप घरच्या गादीसाठी राखून ठेवावी. आणि सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ तासाभरापेक्षा जास्त हलवू नये.

पंधरा मिनिटं स्टेशनची

१९५३ मध्ये जेरेमी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. एकाच बसवर, एकाच वर्गातून आलेले दोन नोकर. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर तिकिटं फाडत जिना चढणारा-उतरणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार बराच कमी आणि झालाच तर सौम्य आढळला. व्यायामशाळेत पाऊल न टाकता केवळ कामातल्या हालचालीने पडलेला हा फरक आहे.

पनवेलच्या प्रवाशाला यातून सोपा धडा घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. स्टेशनपासून पनवेलमधल्या अनेक वस्त्या पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत. जाताना पंधरा मिनिटं, येताना पंधरा मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस: बरोबर १५० मिनिटं. चाल झपझप हवी, रेंगाळत नको. रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याचा वेळ धरला तर यात जादा मिनिटं फारशी जातही नाहीत. ज्यांचं घर दूर आहे त्यांनी रिक्षा एक चौक अलीकडे सोडावी. जुलैत पनवेलचा पाऊस चालू देत नाही, तेव्हा स्टेशनचे जिने आणि ऑफिसच्या पायऱ्या आहेतच.

किती दमायचं? आयुर्वेदाने अर्ध्या शक्तीचा व्यायाम सांगितला आहे. कपाळावर घाम येऊ लागला, तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबायचं. आजचे डॉक्टर जवळपास तीच खूण देतात: चालताना बोलता यावं, गाता येऊ नये. आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम कलावंतीण दुर्गाच्या पायऱ्या चढणाऱ्यांनी हे विसरू नये. प्रबळगड, कलावंतीण, कर्नाळा हे पनवेलचं भाग्य आहे. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य तर गावापासून जेमतेम १२ किलोमीटरवर. पण डोंगर हा रोजच्या चालण्याला मिळालेलं बक्षीस असावा, रोज न चालण्याची शिक्षा नसावी.

दहा वाजताचं ताट

जेवणात काय असावं याबद्दल सल्ल्यांचा पूर आहे. प्रवासी माणसाची खरी अडचण ‘काय’पेक्षा ‘केव्हा’ ही असते. दुपारी दीडला डबा, रात्री दहाला घरचं जेवण आणि मधे साडेआठ तासांची पोकळी. ती स्टेशनवरच्या तळणाने भरते, घरी भूक नसते, तरी बायकोने किंवा आईने केलं म्हणून भाताचा डोंगर संपवला जातो आणि पोट भरलेलं असतानाच झोपायचं. रात्री उशिरा शरीराचं घड्याळ पचनाची दुकानं आवरायला लागलेलं असतं. तेच अन्न दिवसापेक्षा रात्री रक्तातली साखर जास्त चढवतं.

उपाय साधा आहे. सहाच्या सुमारास, गाडीत बसण्याआधी, मुठीएवढं काही तरी पोटात जावं: भाजलेले चणे, शेंगदाणे, फळ किंवा डब्यात राखलेली मुगाची उसळ. मग रात्रीचं ताट हलकं ठेवता येतं: भाकरी, आमटी, भाजी, असेल तर मासळी, आणि भात निम्मा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रोजच्या ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा धान्यांचा असू नये. आपल्याकडे तो सर्रास त्याच्या पुढे जातो आणि डाळी-भाज्या मागे पडतात. जेवणानंतरची शतपावली आजीच्या काळातली म्हणून सोडून देऊ नये. खाल्ल्यावर पाच-दहा मिनिटं सावकाश चाललं तरी स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाने देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही मोजले. तिथे ही फुकटची सवय मोलाची आहे.

डब्यातली माणसं

प्रवासाचे चार तास सगळेच वाया जातात असं समजू नये. हार्बरच्या डब्यांत वर्षानुवर्षांचे ग्रुप आहेत. कुठे टाळ-मृदंगासह भजन चालतं, कुठे पत्ते रंगतात, लेडीज डब्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. एखादा दोन दिवस दिसला नाही तर फोन जातो. हे करमणुकीपुरतं नाही. २०१० मध्ये १४८ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात भक्कम नातीगोती असलेल्यांची दीर्घकाळ जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने सांगितलं, की जगात दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा ग्रासतो. दोन्ही कानांत इअरफोन घालून ८० मिनिटं रील्स बघणाऱ्याने शेजारच्याशी ओळख करून घेतली तर ते आरोग्याचंच काम आहे.

मनाला उतार मिळण्यासाठी श्वासाचाही उपयोग होतो. पनवेलहून घाट चढून गेलं की लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेलं कैवल्यधाम आहे. योगक्रियांचे शरीरावरचे परिणाम उपकरणांनी मोजून पाहण्याचं काम त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सुरू केलं. आज एवढं नक्की सांगता येतं, की मिनिटाला साधारण सहा श्वास, श्वास सोडणं घेण्यापेक्षा लांब, असं पाच मिनिटं केलं तर हृदयाची गती मंदावते आणि शरीर विश्रांतीकडे झुकतं. परतीच्या गाडीत, खारघरनंतर गर्दी ओसरली की हे कोणाच्या नकळत करता येतं. ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप घरात शिरण्याआधी बंद करणं हाही त्याचाच भाग. काम संपलं तरी डोक्यात चालू असेल तर भरपाई सुरूच होत नाही.

शिफ्टवाल्यांचं काय?

वरचं सगळं दिवसा काम करणाऱ्यांसाठी झालं. तळोजा एमआयडीसीतले कारखाने आणि न्हावा-शेव्याचं बंदर चोवीस तास चालतात, आता त्यांत विमानतळाची भर पडली आहे. रात्रपाळीत घड्याळ आणि काम यांची दिशाच उलटी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं. रात्रपाळीवाल्यांनी घाबरून जायचं कारण नाही, पण नेम कडक हवा. पाळीच्या पहिल्या भागात भरपूर उजेड, घरी परतताना गॉगल, झोपायच्या खोलीला जाड पडदे, मध्यरात्री भरपेट जेवणाऐवजी हलकं खाणं. घरच्यांनीही दुपारी झोपलेल्या माणसाला ‘जरा दळण आणतोस का’ म्हणून उठवू नये. त्याची दुपार ही आपली मध्यरात्र आहे.

एकट्याचा समतोल नसतो

लेडीज डब्यात भाजी निवडणाऱ्या बायकांचं कौतुक होतं. त्याऐवजी ते चित्र हिशेबाच्या नजरेने बघावं. स्वयंपाकाची तयारी प्रवासात करावी लागते, कारण घरी पोचल्यावर वेळ नाही आणि ती वाटून घेणारं कोणी नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देताना दिसल्या आणि पुरुष ८८. हे आकडे वर काढलेल्या चार तासांशेजारी ठेवले, म्हणजे नोकरदार बाईच्या दिवसाची ओढाताण कळते. तिला योगासनांचा व्हिडिओ पाठवून उपयोग नाही. नवऱ्याने रात्रीची भांडी आणि सकाळचा डबा अंगावर घेतला तर तिला पाऊण तास झोप जास्त मिळेल. समतोलाची सगळ्यात परिणामकारक गोळी बऱ्याच घरांत हीच आहे.

थकवा प्रत्येक वेळी दिनचर्येचाच असतो असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. पुरेशी झोप घेऊनही आठवडेच्या आठवडे गळाठा वाटत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि बी-१२ तपासून घ्यावं. जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाने झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी करावी. मन उदास असेल, कशातच रस उरला नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच दुखणं आहे.

आणि काही गोष्टी घराबाहेरही मागाव्या लागतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये दाखवून दिलं, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. कितीही शतपावली केली तरी असा आठवडा भरून निघत नाही. आपली रविवारची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा १० जून १८९० पासून ती मिळाली. घरून कामाचा एखादा दिवस, अर्धा तास लवचीक वेळ, सुट्टीच्या दिवशी फोन न करण्याचा शिरस्ता, या त्याच परंपरेतल्या मागण्या आहेत. पनवेलकराच्या बाबतीत आठवड्यातून एक दिवस घरून काम म्हणजे चार तास परत मिळणं.

सगळं एकदम बदलायला जाऊ नये, तेवढी शक्ती थकलेल्या माणसात नसते. उठण्याची वेळ ठरवावी, दोन आठवडे ती पाळावी, मग स्टेशनचं चालणं सुरू करावं आणि त्यानंतर संध्याकाळचं खाणं बदलावं. नेम लागू पडतोय का, हे सोमवारी कळत नाही, तेव्हा सुट्टीची शिल्लक असते. गुरुवारी संध्याकाळी घरी पोचल्यावर कोणाशी तरी धड बोलण्याइतका उत्साह उरला असेल तर झीज भरून निघते आहे असं समजावं. उरला नसेल तर घरातल्या सगळ्यांनी ताटावर बसून एकच प्रश्न सोडवावा: आपल्यात सगळ्यात कमी कोण झोपतं? त्या माणसाचं एक काम उद्यापासून दुसऱ्याने करायचं. घराचा समतोल तिथून सुरू होतो.